न विचारता उघडलेली डिकी

"पुन्हा सांग," मास्तर म्हणाले. "गाडी थांबवली तेव्हा ड्रायव्हर खाली उतरला होता की आतच बसून होता?"

"आतच होता, मास्तर," नवी शिपाई पोरगी म्हणाली. "मी डिकी उघडली, तेव्हा ओरडत उतरला."

"आणि गाडीचा रंग?"

"करडा."

दारात मटार सोलत बसलेल्या मास्तरीणबाईंनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. हेच प्रश्न मास्तरांनी काल विचारले होते, परवाही विचारले होते. पोरगी बिचारी रोज संध्याकाळी ड्युटी संपवून यायची आणि न कंटाळता उत्तरं द्यायची.

मास्तर म्हणजे तपासणी नाक्यावरचे हवालदार. नाक्यावर येण्याआधी अकरा वर्षं त्यांनी पोलीस शाळेत झडतीचे नियम शिकवले, तेव्हापासून हे नाव चिकटलं. रस्त्यात थांबवलेल्या गाडीची बंद डिकी मालकाला विचारल्याशिवाय, किंवा संशयाचं कारण आधी लिहून ठेवल्याशिवाय उघडायची नाही, असा कोर्टाचा निकाल होता. उघडली, तर आत सापडलेलं काहीही पुरावा म्हणून चालायचं नाही. मास्तरांना तो निकाल तोंडपाठ होता. घरात बायकोच्या पर्समधून किल्ली घ्यायची, तरी ते आधी परवानगी मागत. "संशयाचं कारण लिहिलंत का?" म्हणून त्या चिडवत.

आणि आता याच माणसाच्या नाक्यावर एका गाडीची डिकी न विचारता उघडली गेली होती. आत चोरीच्या तांब्याच्या तारांची भेंडोळी सापडली. डिकीला हात लावला पोरीने, पण तिला उघडायला सांगितलं मास्तरांनी. साहेबांपुढे त्यांनी स्वतःच तसं लिहून दिलं होतं, आणि आता कोर्टात साक्ष होती.

निघताना पोरगी उंबऱ्यात घुटमळली. तिचे डोळे भरले होते. "काकू, तुम्ही तरी सांगा ना त्यांना. सगळं असं स्वतःवर घेऊ नका म्हणावं."

"जा घरी," मास्तर आतून म्हणाले. "आई वाट बघत असेल."

पोरगी गेली. मनाची चांगली आहे हो, असं मास्तरीणबाईंना वाटलं. पण त्यांची काळजी वेगळीच होती. त्यांच्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. आधी ते हातातल्या कामातल्या साध्या गोष्टी विसरू लागले आणि शेवटी शेवटी पोटच्या लेकीला "आपण कोण?" विचारू लागले. आता नवऱ्यानेही तसं विचारलं तर आपण काय करायचं, या धास्तीने त्यांचा जीव अर्धा झाला होता.

साक्षीच्या दिवशी त्या बरोबर जायला निघाल्या, तर मास्तरांनी अडवलं. "दिवसभर ताटकळशील. मी जाऊन येतो."

दाढी करताना मात्र ते आरशाशी बोलत होते. "होय, मी तिथेच होतो. उघडायला मीच सांगितलं. ड्रायव्हरला विचारलं नव्हतं." चार वेळा. शाळेतलं पोर पाठांतर करतं तसं.

महिन्याभराने निकाल लागला. "तू नको डोळ्यांना ताण देऊस," म्हणत मास्तरांनी चहाच्या कपाशेजारी बसून तो स्वतःच वाचून दाखवला. तोही सगळा नाही, मधलाच एक परिच्छेद. "इतक्या अनुभवी कर्मचाऱ्याकडून अशी प्राथमिक चूक व्हावी, याचं आश्चर्य वाटतं."

आरोपी सुटले. पोरीची नोकरी अजून कच्ची होती, पण तिला नुसती समज देऊन सोडलं. मास्तरांची मात्र जप्तीच्या मालाच्या गोदामात बदली झाली, तीही निवृत्तीला आठ महिने उरलेले असताना.

"वाईट नाही वाटत तुम्हाला?"

"निकाल बरोबर आहे गं. न विचारता उघडली ना? मग सुटणारच. जन्मभर हेच तर शिकवलं." आणि त्यांनी चक्क आणखी अर्धा कप चहा मागितला.

त्यांना काही वाटत नाही, याची मास्तरीणबाईंना जास्तच भीती वाटली. त्यांनी आडून आडून परीक्षा घ्यायला सुरुवात केली.

"अहो, आपल्या पहिल्या खोलीचा नंबर काय हो होता?"

"सतरा. नळाला पाणी नव्हतं म्हणून तू तीन दिवस अबोला धरला होतास."

"दोन दिवस."

"तीन. चौथ्या दिवशी म्हणालीस, चहा घ्या."

तीनच होते. तीस-बत्तीस वर्षांपूर्वीचं सगळं त्यांना आठवत होतं, आणि अलीकडची एक करडी गाडी तेवढी आठवत नव्हती. मास्तरीणबाईंनी न सांगता डॉक्टरांची वेळ घेतली. "काय विसरतात ते दिसेल असा काही कागद असला तर घेऊन या," डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मास्तर गोदामात गेल्यावर त्यांनी कपाट उघडलं. न विचारता. निकालाची प्रत मास्तरांच्या गणवेशाखाली, अंथरलेल्या वर्तमानपत्राच्याही खाली ठेवलेली होती. ऑपरेशननंतर मिळालेला नवा चष्मा लावून त्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि पहिल्या पानापासून वाचू लागल्या.

पहिल्याच परिच्छेदात झडतीचा दिवस आणि वेळ होती. मंगळवार, नऊ तारीख, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं.

त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग अक्षरांखाली बोट धरून तिसऱ्यांदा वाचली.

त्या मंगळवारी सकाळी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, आणि "मला भीती वाटते हो" एवढंच त्या म्हणाल्या, म्हणून मास्तर नाक्यावर हजेरीची सही करून दवाखान्यात आले होते आणि संध्याकाळपर्यंत त्यांचा हात हातात धरून बसले होते.