जुळं केळं

आजी तिच्याकडे बघत नव्हती. म्हणजे आजीला सगळं कळलं होतं.

रोह्याच्या दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीसमोर एक बाक होता. त्याच्या एका टोकाला मनस्वी, दुसऱ्या टोकाला हौसाआजी. बंद दाराआड नमिताकाकी. निडी गावाहून रिक्षात घालून आणेपर्यंत काकीचा गाऊन रक्तानं भिजला होता. पोटात दोन जीव, आणि त्यातल्या एकाचे ठोके मंदावलेले. डॉक्टरीणबाई आत जाता जाता म्हणाल्या होत्या, "एकटं असतं तर एवढं झालं नसतं. जुळं आहे, जोखीम आहे." हरेशकाका कंपनीतली शिफ्ट टाकून रक्ताची बाटली आणायला पळाला होता.

मनस्वी दहावीतली. वर्गात बोलायला कायम पुढे. प्रजननाच्या धड्याला पोरं फिदीफिदी हसत होती, तेव्हा हिनं तो उभं राहून खणखणीत वाचला होता. मागच्या बाकावरच्या साईराजला वर विचारलंही होतं, "हसतोस काय? तू काय अळंब्यासारखा उगवलास?" तीच मनस्वी आज बाकावर आक्रसून बसली होती.

कारण केळं तिनं दिलं होतं.

परसातल्या घडात एक जुळं केळं निघालं होतं. एका सालीत दोन. असलं केळं घरच्या बाईनं खायचं नसतं, जुळी होतात. ते गुरापुढं टाकायचं, असा आजीचा दंडक. पण काकीला तेव्हा तिसरा महिना. कितीतरी वर्षं वाट बघून दिवस गेलेले, आणि अन्न म्हणून पोटात ठरत नव्हतं. ठरायचं ते केळंच. गोठ्याकडे निघालेल्या मनस्वीनं वाटेतच ते काकीच्या हातात ठेवलं.

"खा गो काकी. केळ्यानं जुळी झाली असती तर केळ्यांच्या वसईत माणसं जोडीजोडीनंच हिंडली असती."

काकी हसली. दोन्ही केळी खाल्ली. पुढे पहिल्याच सोनोग्राफीत जुळं निघालं. काकाला आभाळ ठेंगणं झालं. मनस्वी त्या दिवशी जेवली नाही.

पुस्तकानं तिला धीर दिला होता आणि पुस्तकानंच घाबरवलंही होतं. कधी दोन अंडपेशी निघतात आणि दोन वेगळे गर्भ राहतात. कधी मात्र एकच गर्भ असतो, त्याच्या पेशी वेगळ्या होतात आणि एकाचे दोन होतात. वेगळ्या कधी होतात? ती ओळ तिनं दहादा वाचली असेल. आता काही केल्या आठवेना. तिसऱ्या महिन्यात होत असतील तर?

"आजी," ती पुटपुटली.

आजीनं पदराचा बोळा छातीशी दाबून धरला होता. तिनं मान वळवली नाही. ओठ तेवढे हलत होते. शिव्या असतील, मनस्वीला वाटलं. आपल्यालाच असतील.

दार उघडलं. सिस्टर बाहेर आली. तिच्या हातमोज्यांवर रक्त होतं.

"पहिली मुलगी, दुसरा मुलगा. दोघंही रडली."

"आन् माजी सून?" आजीचा आवाज चिरकला.

"रक्त थांबत नाय अजून. मॅडम आहेत आत. बसा तुम्ही."

दार पुन्हा बंद झालं.

मुलगी आणि मुलगा. मनस्वीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती बाकावरून सरकत आजीपाशी गेली, तिचं मनगट धरलं, आणि इतके महिने गिळलेलं सगळं एका दमात ओकली.

"आजी गो, ते जुळं केळं मी गुरापुढं नाय टाकलं. काकीला दिलं. पण त्यानं नाय झालं हे. एक मुलगी, एक मुलगा, म्हणजे एकाचे दोन नाय झाले. बीजंच दोन होती. पहिल्या दिवसापासून दोन. मी केळं दिलं ते तिसऱ्या महिन्यात. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं."

आता मुस्काटात बसणार म्हणून तिनं डोळे मिटून घेतले. काहीच बसलं नाही. तिनं डोळे उघडले. आजी पहिल्यांदा तिच्याकडे बघत होती, आणि त्या नजरेत राग नव्हता.

"म्हंजे तिसऱ्या महिन्यातल्या केळ्यानं नाय?"

"नाय."

"तुज्या पुस्तकात तसा लिवलाय?"

"व्हय."

आजीनं बंद दाराकडे पाहिलं.

"आन् दिवस जायच्या आदी मी तिला पेणच्या बाजारातनं जुळी केळी हुडकून हुडकून चारली, त्यानं?"