श्वासाची जागा

"बाबा, डोळा मिटू नका. तो लाल ठिपका दिसतोय?"

सुनेचा डबा पोचवायला आलेला म्हातारा तिच्या प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकावर वाकला होता. डबा ठेवून त्याला लगेच निघायचं होतं, पण सून सोडेल तर ना.

"दिसला. डाळिंबाचा दाणा जणू."

"ही गुणसूत्राची कंबर. पेशी विभागताना ओढणारे दोर इथंच धरतात. ही हरवली की गुणसूत्र भरकटलंच."

"मग ही जागा आत कुठंतरी लिहून ठेवलेली असेल."

"तीच तर गंमत आहे. डीएनएच्या अक्षरांत ती नसते. तिथं जुनी प्रथिनं ठाण मांडून बसलेली असतात, तीच खूण. गुणसूत्राच्या दोन प्रती झाल्या की निम्मी जुनी इकडे, निम्मी तिकडे. मागून नवी येतात, ती जुन्यांच्या शेजारी बसतात."

म्हाताऱ्यानं डोळा भिंगावरून बाजूला घेतला. "आणि सगळी जुनी एकाच प्रतीवर राहिली तर?"

"दुसरीवर अक्षरं जशीच्या तशी असतील, बाबा. कंबर नसेल."

म्हातारा घाईनं घरी निघाला. प्रार्थनागृहाच्या गायकांचा तो म्होरक्या. गर्दी मावेना म्हणून गल्लीपलीकडे दुसरं दालन घेतलं होतं आणि त्याच संध्याकाळी मंडळींची वाटणी होती. त्यानं ठरवून टाकलं होतं: जुने इथं, नवे तिकडे, सोबत गाण्यांचं पुस्तक. सगळ्यांना ते पटलंही होतं. खरं कारण त्याला एकट्याला ठाऊक होतं. जाड्या त्याला सोडवत नव्हता. तरुणपणापासून दोघं खांद्याला खांदा लावून गात आले होते. मोठ्या गाण्याच्या तिसऱ्या ओळीत, शब्दाच्या ऐन मध्यावर, दोघं एकदम श्वास घेत. पुस्तकात तिथं काही खूण नव्हती.

संध्याकाळी तो म्हणाला, "जुन्यांनी ओळीनं बसा. आता एकाआड एक उठा आणि समोरच्या दालनात जा."

उठायची पाळी जाड्याची आली.

"सुनेनं काय पढवलं रे तुला? मला घालवतोयस?"

"तुझ्याबरोबर निम्मा मीच चाललोय, गाढवा. नव्यांना शेजारी घेऊन बस."

जाड्या पाय ओढत गेला. रिकाम्या खुर्चीवर म्हाताऱ्यानं पोस्टातल्या नव्या बाईला बसवलं. "पुस्तक मीट. माझ्याकडे कान दे."

ऋतू पालटला. खिडक्या उघड्या होत्या, दोन्हीकडे तेच मोठं गाणं चाललं होतं. तिसऱ्या ओळीत म्हाताऱ्यानं श्वास घेतला. पोस्टातल्या बाईनंही घेतला. आणि गल्लीपलीकडचा आवाज शब्दाच्या मध्यावर, नेमका तिथंच, क्षणभर थांबला.

जाड्याच तो, दुसरं कोण. म्हाताऱ्यानं कौतुकानं समोर पाहिलं.

घसा बसलेला जाड्या गळ्याला मफलर गुंडाळून, गालात खोकल्याची गोळी धरून, मुकाट्यानं खिडकीत उभा होता. गात होती ती त्याच्या शेजारची नवी पोरं.