घरघंटीचा बेल्ट

ओसरीवर सात बेल्ट होते: चार आखूड, दोन लांब आणि सातवा तुटलेला, आप्पांच्या जुन्या फियाटचा. त्याच्याविना इंजिन तापायचं. त्या मापाचा नवा बाजारात कुठेच मिळेना, म्हणून गाडी न्यायला भंगारवाल्याचा टेम्पो दारात उभा होता.

शाल्मलीने फूटपट्टीने तुटका बेल्ट मोजला, मग घरघंटी उघडून तिच्यातला. लांबी-रुंदी तंतोतंत जुळली.

"खबरदार हात लावलास तर! माझी भाजणी अर्धी राहिलीय," आई कडाडली. "जाऊ दे एकदाचं ते धूड."

आप्पा फियाटची काच पुसू लागले. भंगारवाला हसला. "काका, पुसून वजन वाढतं होय?"

आईने पदर खोचला, घरघंटीतला बेल्ट सोडवला आणि लेकीच्या हातात ठेवला. "बसव. भाजणी मी शेजारी दळेन. अन् तुम्ही हो, टेम्पो हलवा आधी!"

वीस मिनिटं इंजिन चालत राहिलं. तापमानाचा काटा लाल खुणेच्या बराच खाली, ब्याऐंशी अंशांवर स्थिरावला.