तिसरी शिट्टी

तिसरी शिट्टी होईपर्यंत विभावरी लॅबमधल्या कुकरपासून हलली नाही. आत काचेच्या पट्टीवर चिकटवलेला गाठीचा काप उकळत होता. नीट उकळल्याशिवाय त्यावर रंग चढत नाही. रंग चढून पेशी तपकिरी दिसल्या, तर स्तनाच्या त्या कॅन्सरवर हार्मोनची साधी गोळी चालते.

चार वर्षांपूर्वी याच गाठीचा काप तिनेच उकळला होता. त्या दिवशी मोठ्या मॅडमचा निरोप समारंभ होता आणि केक कापायला सगळे तिच्यासाठी खोळंबले होते. एवढ्याने काय होतंय म्हणत तिने पहिल्याच शिट्टीला गॅस बंद केला. उकळणं नीट झालं की नाही हे कळावं म्हणून दर खेपेला सोबत उकळायची पडताळणीची काचही नव्याने लावली नाही. मागच्या खेपेची, छान तपकिरी झालेली, शेजारी ठेवून दिली. पेशी निळ्याच राहिल्या. रिपोर्ट गेला निगेटिव्ह, आणि गोळी कधी सुरूच झाली नाही. आता कॅन्सर हाडांत पोचला होता, म्हणून नव्या डॉक्टरांनी जुनी गाठ पुन्हा तपासायला सांगितली होती.

दुपारी तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. एकूण एक पेशी तपकिरी होती.

बाहेर बाकावर, ती गाठ ज्यांची होती, त्या बाई बसल्या होत्या. “ताई, काय आलं हो?”

“पॉझिटिव्ह. गोळी चालेल, मावशी.”

बाईंनी तिचे दोन्ही हात घट्ट धरले. “मागच्या वेळी कुणी तपासलं होतं देव जाणे! तुमच्या हाताला गुण आहे बघा.”

विभावरीला ते हात सोडवून घेता येईनात.