उसने डोळे

"ताई, आईचा हा एकच फोटो आहे आणि यात तिचे डोळे मिटलेत. उघडून द्या. बाबा आता एकटेच राहणार," मुलगा म्हणाला.

एरवी मी मसाल्यांचे लोगो आणि लग्नाच्या डिजिटल पत्रिका करते. आरशात बघून माझेच डोळे काढले, तिला बसवले. त्याच्या वडिलांनी फोटो स्वयंपाकघरात लावला.

तेव्हापासून मी डोळे मिटले की ते स्वयंपाकघर दिसतं. काका चहा ढवळत माझ्याशी बोलतात.

आज दुपारी डुलकी लागली. पाहते तर दूध उतू जाऊन गॅस विझलाय, बटण चालूच आहे आणि काका काडी ओढताहेत! ओरडतच जागी झाले, फोन लावला.

"काका, गॅस बंद करा!"

"केला की गं," काका म्हणाले. "मघाशी फोटोतून ओरडलीस, तेव्हाच."