पाटाच्या नवरीचं बाशिंग

"आत्या, पाटाच्या नवरीले बाशिंग काऊन नसते?"

विचारून टाकलं एकदाचं. शाळेच्या विहिरीवर तिघी मैत्रिणींनी पैज लावली होती. तहसीलदारासमोर पंचवार्षिक योजनेवर भाषण ठोकतेस ना, मग घरी जाऊन हे विचारून दाखव. चंदाला वाटलं होतं, आत्या एक तर रागावेल, नाही तर हसेल.

वच्छलाआत्याने दोन्ही केलं नाही. ती उंबऱ्याच्या आत बसली होती, चंदा बाहेर ओसरीवर.

"कोणी दोराच आणत नाई ना," आत्या म्हणाली.

चंदाच्या बापाच्या, सोमाजीच्या घरी बाशिंगं होत. लग्न ठरलं की नवरीच्या घरचं माणूस दोरा घेऊन येई. तिच्या कपाळाभोवती मोजून गाठ मारलेला. त्या मापावर बाशिंग उभं राही. तलावात उगवणाऱ्या भेंडाच्या पांढऱ्या गाभ्याचा कागदासारखा पापुद्रा सोलायचा, त्याच्या पाकळ्या कापायच्या, पाकळ्यांची फुलं बांधायची. सावली गावाच्या पंचक्रोशीत चंदाच्या हातच्या फुलांचं नाव होतं.

पाट मात्र विधवेचं लग्न. ते मागच्या दारानं, वाजंत्रीवाचून. लग्न न झालेल्या पोरींनी त्या दिवशी घरात थांबायचंसुद्धा नाही. म्हणून येत्या बुधवारी चंदाची रवानगी वरोऱ्याला मामाकडे होणार होती. बुधवारी वच्छलाआत्याचा पाट होता, गोंडपिपरीच्या जंगूशी.

"तुले पाहिजे का पण?" हे मात्र पैजेत नव्हतं.

आत्या म्हणाली, "अकरा वर्षांची होती मी पहिल्या वेळी. तुया आजानं बाशिंग मापापेक्षा मोठंच केलं. म्हणे, वाढत्या अंगाची पोरगी हाय. सारं लग्नभर डोळ्यावर येत होतं. नवरदेवबी धड दिसला नाई." ती हसली. मग हळूच म्हणाली, "आता बरोबर बसलं असतं."

तेवढ्यात अंगणात पाटलीणबाई दिसली. आत्या झटकन उठून आत गेली. चंदाची आई शकुबाई बाहेर आली आणि तिने फुलांची टोपली लेकीच्या पुढ्यात सरकवली.

पाटलीणबाई धाकट्या लेकीचं बाशिंग न्यायला आली होती. ते तिने उन्हात फिरवून फिरवून पाहिलं.

"चंदे, तुया हाताले गुण हाय वं. माह्या मोठीच्या बाशिंगातलं एक फूल म्या अजून देवघरात ठेवलं. तीन लेकरं झाली तिले, सारं सुखाचं हाय."

असं कोणी म्हटलं की चंदाची मान ताठ व्हायची. आज तिला वर बघवेना.

पाटलीणबाई गेली. चंदा फणी घेऊन आत्याच्या मागे बसली. वेणी घालता घालता तिने फुलं बांधायच्या दोऱ्याचा एक तुकडा आत्याच्या कपाळाभोवती फिरवला आणि गाठ मारली. आत्याचा हात वर आला, दोऱ्याला लागला, तिथंच थांबला. तिने गाठ सोडली नाही.

चंदाने दोरा अलगद काढला आणि बेगड चिकटवत बसलेल्या बापापुढे ठेवला.

"कोणाचा?" सोमाजीने विचारलं.

"आत्याचा."

शकुबाईच्या हातातलं सूप खाली आलं. "येडी झाली का वं? विधवेच्या कपाळावर या घरचं बाशिंग दिसलं तर उद्या कोण येईल आपल्या दारात? अपशकुनी म्हणतीन लोक."

"उद्याच धाडतो हिले वरोऱ्याले," सोमाजी म्हणाला.

चंदा उभी राहिली, भाषणाला राहते तशी.

"पाच वर्षांत इतकी बाशिंगं माह्या नावावर गेली, बा. त्यातलं एक तरी फूल म्या केलं का?"

विधवेच्या हातचं बाशिंग लोक नेणार नाहीत, म्हणून आत्याने उंबऱ्याआड बसून फुलं करायची आणि नाव लेकीचं सांगायचं, हे शकुबाईनेच ठरवलं होतं. चंदा तेव्हा दहा वर्षांची होती.

"साऱ्या नवऱ्या आत्याची फुलं कपाळाले बांधून गेल्या. कोणाले अपशकुन झाला? पाटलीणबाईनं तर देवघरात ठेवलं."

सोमाजीने दोरा उचलला. बोटांत धरून बराच वेळ गाठीकडे पाहत राहिला. धाकट्या बहिणीचं माप त्याच्या हाती पहिल्यांदाच आलं होतं. आत उंबऱ्याजवळ बांगडी नसलेला एक हात दाराच्या चौकटीवर टेकला होता.

"पण करल कोण?" अखेर तो म्हणाला. आवाज उतरला होता. "नवरीनं आपलं बाशिंग आपल्या हातानं करायचं नसते. मले बेगड लावता येते, फूल नाई येत."

शकुबाईने नवऱ्याकडे पाहिलं, आणि नको म्हणाली नाही.

"वरोऱ्याले मी जात नाई," चंदा म्हणाली. "बाशिंग मी करतो. वाकडंतिकडं झालं तर बोलायचं नाई, माह्या हातचं पहिलंच हाय."