गोगलगायींच्या नकाशातले सोमण

नकाशात डॉ. बद्रीनाथ सोमण सापडेनात.

नकाशा चांगला जेवणाच्या टेबलाएवढा होता. सह्याद्रीतल्या गोगलगायींवर ज्यांनी ज्यांनी काही लिहिलं, त्या प्रत्येकाचा एक ठिपका. कोणी आपल्या लेखात कोणाचा संदर्भ दिला, ते दाखवणाऱ्या रेघा. ज्याचे संदर्भ जास्त, त्याचा ठिपका मोठा आणि मधोमध. सोमणांच्या पंच्याहत्तरीच्या गौरवग्रंथात तो पहिल्याच पानावर छापायचा होता. कल्पना सोमणांचीच.

त्यांनी अर्थातच आधी मधोमध पाहिलं. तिथे तैवानच्या कोणी बाई होत्या. मग त्यांनी भिंग आणलं.

"सर, इथे." नकाशा तयार करणाऱ्या अफशीननं उजवीकडे, अगदी तळाला बोट टेकवलं. ती ग्रंथालयशास्त्रात पीएचडी करत होती आणि गौरवग्रंथाचं सगळं कामही तिच्याचकडे होतं. बोटाखाली दोन बारीक ठिपके होते. बाकी सगळ्यांपासून लांब, पण एकमेकांना चिकटून.

"म्हणजे मी मध्यवस्तीत नाही?"

"नाही, सर."

"कोथरूडला राहतो म्हणून?"

"हे संदर्भांवरून ठरतं, सर. तुमचा संदर्भ आजवर सदतीस वेळा दिला गेलाय."

"सदतीस! मग?"

"त्यातले तीन तुम्हीच दिलेत."

"आणि चौतीस?"

"हर्डीकर सरांनी."

सोमणांनी भिंग खाली ठेवलं. सिंहगडावरची गोगलगाय आणि पुरंदरवरची गोगलगाय या दोन वेगळ्या जाती आहेत, असं सोमणांनी एकदा लिहिलं होतं. एकच आहे, असं दत्तप्रसाद हर्डीकरांनी लिहिलं. त्याला एकतीस वर्षं झाली. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. हर्डीकर तीन सोसायट्या पलीकडे राहत. गोगलगायींचं या बाबतीत काही म्हणणं नव्हतं.

"अगं, तो माझ्या चुका काढतो. ते संदर्भ नव्हेत, ती निंदा आहे."

"संगणकाला ते कळत नाही, सर. तो फक्त नाव मोजतो."

"बरं. आणि त्याचा संदर्भ कोण देतं?"

"तुम्ही. एकोणतीस वेळा."

"आणखी?"

"आणखी कोणी नाही."

"मला लग्नाआधी यांची दोनच पत्रं आली होती," स्वयंपाकघरातून वेणूताई म्हणाल्या. "त्यातलं एक माझ्या वडिलांना होतं."

सोमणांनी बायकोच्या या विधानाचं खंडन केलं नाही. त्यांनी भिंग उचलून ते दोन ठिपके पुन्हा पाहिले.

"गौरवग्रंथातला माझा नवा लेख तपासलास?"

"हो, सर. हर्डीकर सरांना निरुत्तर करणारा ना? एकही चूक नाही."

"निरुत्तर. हं."

"आणि सर, परवा मी माहिती घ्यायला त्यांच्याकडे गेले होते. म्हणाले, आता डोळे साथ देत नाहीत, भांडण पुरे. सोमणांच्या या लेखात चूक सापडली तर उत्तर लिहीन, नाहीतर पेन खाली."

"एकही चूक नाही म्हणतेस?"

"तीनदा वाचलाय, सर."

"तीनदा कशाला वाचायचं?" सोमण खेकसले. "एवढा वेळ असतो तुम्हा लोकांना?"

त्यांनी लेखाचं प्रूफ मागून घेतलं. पानं उलटत ते मोजमापांच्या तक्त्यापाशी थांबले. सोमणांनी जन्मात चुकीचा आकडा छापू दिला नव्हता. एकदा तर स्वतःच्या मुलीच्या लग्नपत्रिकेला त्यांनी शुद्धिपत्र जोडलं होतं. त्यांनी पेन उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं, आणि एक शब्द खोडून वर दुसरा लिहिला.

अफशीननं पान हातात घेतलं.

"सर, शंखाची लांबी चौदा सेंटीमीटर? मिलिमीटर होतं ना?"

"असू दे."

"एवढी मोठी गोगलगाय गडावर पिठलं-भाकरी मागेल, सर!"

"मागू दे."

"पण लोक हसतील."

"कोण लोक?"

अफशीननं नकाशाकडे पाहिलं.

"छापून कधी येईल?" सोमणांनी विचारलं.

"दीड महिना तरी लागेल."

"फार झाला. दोन आठवड्यांत करायला सांग. आणि हे बघ, हर्डीकरला जी प्रत जाईल ना, तिच्यात हा तक्ता मोठ्या टायपात घे."

"त्यांच्या एकट्याच्याच?"

"त्याला नीट दिसत नाही म्हणालीस ना?"